रकाना २१ मध्ये खरे लिहा: ठाणे-नवी मुंबईतल्या व्हिसा एजंटांना खुले पत्र

नौपाडा, घोडबंदर रोड, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर इथल्या व्हिसा एजंट, टूर ऑपरेटर आणि फॉर्म भरून देणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या टेबलावर हल्ली एक वेगळी फाइल येऊ लागली आहे. समोरच्या खुर्चीत आई-वडील बसलेले असतात आणि जिची फाइल करायची ती शारजातून व्हिडिओ कॉलवर असते. कधी ती डब्लिनमध्ये असते, कधी न्यू जर्सीत. तिथला राहण्याचा परवाना आहे, सध्या नोकरी नाही आणि दहा दिवस युरोप बघायचा आहे, एवढेच प्रकरण असते. त्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांचे पहिले वाक्य ठरलेले: "नोकरी नाही? मग लेटर लावावं लागेल. करून देतो, काळजी नको."

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. लेटर म्हणजे नसलेल्या नोकरीचे खोटे पत्र, आणि त्याच्या जोडीला व्हिसा फॉर्मच्या रकाना २१ मध्ये, म्हणजे 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात, लिहिलेले खोटे. आम्हीही याच धंद्यातले, याच गल्ल्यांतले. उपदेश करायचा म्हणून लिहीत नाही. हे लेटर फाइलला मदत करत नाही, उलट बुडवते. आणि ज्या गोष्टींनी फाइल तरते त्या करायच्या राहून जातात, म्हणून लिहीत आहोत.

पहिली चूक लेटरच्याही आधी होते. "तिकडे स्लॉट मिळत नाहीत, सुट्टीला घरी ये, मुंबईतून भरू," असे सांगून आपण माणसाला बोलावून घेतो. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांची व्हिसा संहिता (८१०/२००९ हा नियम) कलम ६ मध्ये स्पष्ट सांगते की अर्जदार कायदेशीरपणे जिथे राहतो तिथल्या वाणिज्य दूतावासात अर्ज करायचा. पासपोर्ट भारताचा आहे म्हणून मुंबई, असे गणित नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाचा अर्ज इथे घेता येतो, पण तो इथूनच का करावा लागतो याचे पटेल असे कारण त्याला द्यावे लागते. "तिथे तारीख मिळाली नाही" हे कारण सहसा पटत नाही. मग फाइल स्वीकारली जात नाही, किंवा स्वीकारून नाकारली जाते. नाकारली गेली तर ११ जून २०२४ पासूनची ९० युरो फी आणि अर्जकेंद्राचा सेवाखर्च गेलाच, शिवाय पासपोर्ट अडकल्यामुळे परतीचे विमानही चुकू शकते.

यातच एक आमिष दाखवले जाते: "इथून भरलंस तर दोन वर्षांचा मिळेल." एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी सवलत आणली हे खरे आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पण ती भारतात राहणाऱ्या आणि भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी आहे. शारजाच्या रहिवाशाला ती दाखवून बोलावणे म्हणजे त्याला फसवणेच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ज्याची तिकडची रेसिडेन्सी रद्द झाली आणि जो सामान घेऊन घोडबंदर रोडवर कायमचा परत आला, तो आता भारताचा रहिवासी आहे. त्याने मुंबईतूनच अर्ज करायचा. त्याच्या रकाना २० मध्ये जुन्या आखाती परवान्याचा नंबर लिहू नका. संपलेला परवाना चालू म्हणून दाखवणे हे खोट्या लेटरइतकेच महागात पडते.

आता फॉर्म उघडा. रकाना २० विचारतो, नागरिकत्वाच्या देशाबाहेर राहता का, परवान्याचा नंबर काय, तो कधीपर्यंत वैध आहे. रकाना २१ सध्याचा व्यवसाय विचारतो. रकाना २२ मालकाचे नाव, पत्ता, फोन. खर्च कोण करणार ते पुढे रकाना ३२ मध्ये येते. हे चार रकाने एकमेकांशी बोलतात, आणि अधिकारी ते एकत्रच वाचतो.

नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर शारजात राहणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. आपण २१ मध्ये 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' लिहितो. २२ मध्ये वागळे इस्टेटमधल्या एखाद्या ओळखीच्या फर्मचे नाव टाकतो आणि 'वर्क फ्रॉम होम' असे लेटर जोडतो. फाइलमध्येच तिच्या एमिरेट्स आयडीची प्रत असते. २०२२ पासून यूएईमध्ये पासपोर्टवर रेसिडेन्सीचा स्टिकर लागत नाही, हे कार्डच रेसिडेन्सीचा पुरावा. कार्डाच्या मागच्या बाजूला व्यवसाय छापलेला असतो आणि तिथे ती नोकरी करत नसल्याची नोंद असते. म्हणजे एकाच फाइलमध्ये सरकारी कार्ड एक सांगते आणि आपण छापलेले लेटरहेड दुसरेच. शिवाय बँक स्टेटमेंटमध्ये त्या फर्मकडून एकही पगार जमा नाही. लेटरवरचा फोन नंबर मोबाइलचा. तो लागला तर उचलणाऱ्याला बाईचे नावही आठवत नाही. हे पकडायला कुणी डिटेक्टिव्ह लागत नाही.

त्या बाईसाठी २१ मध्ये 'गृहिणी' एवढेच लिहायचे. ती बेरोजगारही नाही, ती गृहिणी आहे. २२ मोकळा ठेवायचा. ३२ मध्ये खर्च नवरा करणार असे लिहायचे आणि त्यामागे हे लावायचे: नवऱ्याचे सॅलरी सर्टिफिकेट, त्याच्या मालकाचे एनओसी, तीन ते सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, त्याच्या एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजू, नवऱ्याच्या सहीचे खर्चाचे पत्र आणि लग्नाचा दाखला. दाखल्यासाठी आई-वडिलांना पुन्हा महापालिकेत आणि मंत्रालयात पळवू नका. यूएईसाठी अपोस्टिल (परदेशी वापरासाठीचा प्रमाणशिक्का) चालत नाही, अटेस्टेशन (दूतावासामार्फत प्रमाणित करून घेणे) लागते, आणि ते तिला रेसिडेन्सी मिळताना झालेलेच असते. तिच्या कपाटातल्या त्याच कागदाचा रंगीत स्कॅन मागवा. मूळ दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

नावाची भानगड मात्र इथेच तपासा, कारण ती खास आपली आहे. पासपोर्टवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचे, बँकेत तिसरेच. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आणि सगळे नाव दुसऱ्या ओळीत. विमा, तिकीट, हॉटेल या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच नाव हवे, अक्षरही न बदलता. बाकीच्या कागदांवरचे वेगळे नाव त्याच व्यक्तीचे आहे हे कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात सांगा आणि लग्नाच्या दाखल्याकडे बोट दाखवा.

यानंतरचा मुद्दा आपल्याला सगळ्यांत उशिरा कळतो. नोकरी नसलेल्या माणसाबद्दल अधिकाऱ्याचा खरा प्रश्न 'पैसे आहेत का' एवढाच नसतो. हा परत जाईल का, आणि कुठे जाईल, हा असतो. आपण फाइलमध्ये ठाण्याच्या फ्लॅटची सूची क्रमांक दोन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, गावचा सातबारा असे जाड बाड लावतो. पण ती बाई परत जाणार शारजाला. ठाण्याचा फ्लॅट तिच्या घराण्याची ऐपत दाखवतो, तिची परतीची वाट दाखवत नाही. त्यासाठी शारजाचा भाडेकरार, मुलांच्या शाळेचे बोनाफाइड, नवऱ्याची चालू नोकरी आणि रेसिडेन्सीची तारीख लागते. बहुतेक वाणिज्य दूतावास परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने रेसिडेन्सी शिल्लक मागतात. दीडच महिना उरला असेल तर आधी रिन्यूअल, मग स्लॉट. पासपोर्टलाही हेच माप आहे: शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला, दोन पाने कोरी.

नवऱ्याचीच नोकरी गेली असेल तर? मग बायकोची रेसिडेन्सीही त्याच्याच दोराला लटकलेली असते. यूएईमध्ये परवाना रद्द झाल्यावर थांबायला सवलतीची मुदत मिळते, ती व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असते. त्या मुदतीत शेंगेनचा अर्ज लावणे म्हणजे 'परत कुठे' या प्रश्नाला उत्तर नसलेली फाइल पाठवणे. ती लटपटीने तरत नाही. प्रामाणिक सल्ला दोनच: नवीन नोकरी लागून नवा परवाना हातात येईपर्यंत थांबा, किंवा भारतात परत या, इथे घडी बसवा आणि इथले रहिवासी म्हणून मुंबईतून भरा. ग्राहक नाराज होईल, आपली फी जाईल. जाऊ द्या.

परवाना चालू आहे पण पगार थांबला आहे, अशी मधली अवस्थाही असते. बायकोच्या स्पॉन्सरशिपवर गेलेला नवरा, गोल्डन व्हिसावाला (म्हणजे नोकरीवर न अवलंबणारा दीर्घ मुदतीचा परवाना असलेला), तिकडे स्वतःचे घर असलेला. इथे बँक स्टेटमेंट नीट बोलते करावे लागते. यूएईत नोकरी सुटल्यावर ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. ही रक्कम एकदम जमा होते आणि कागद नसेल तर ती बाहेरून आणून लावलेल्या पैशासारखी दिसते. म्हणून अंतिम हिशेबाचे पत्र जोडा आणि स्टेटमेंटवरची ती ओळ पिवळी करा. तिथे जानेवारी २०२३ पासून बेरोजगारी विमाही आहे. सलग बारा महिने हप्ते भरलेल्याला मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. तो मिळत असेल तर दाखवा. ते लपवण्यासारखे नाही, उत्पन्न आहे.

पैशांबद्दल आपली आणखी एक वाईट खोड म्हणजे 'बॅलन्स लावणे'. खात्यात तीन महिने चाळीस-पन्नास हजार रुपयांइतकी रक्कम आणि स्लॉटच्या आठवडाभर आधी एका दिवशी पाच लाख. दोन आठवड्यांनी ते परत. अधिकारी शेवटचा आकडा वाचत नाही, तो महिन्यांची चाल वाचतो: पैसा कुठून येतो, भाडे कधी जाते, मध्ये एकदम काय उगवले. आणि लागतो किती? प्रत्येक देशाचा दरडोई दररोजचा आकडा जाहीर असतो. फ्रान्सचा हॉटेलचे बुकिंग असेल तर ६५ युरो, नसेल तर १२०. नवरा-बायको दहा दिवस, हॉटेल बुक केलेले, म्हणजे १,३०० युरो. शिवाय विमानभाडे, आणि घरी परतल्यावर भाडे भरायला काहीतरी शिल्लक दिसायला हवी. हा आकडा बहुतेक कुटुंबांकडे खरोखरचा असतो. मग उसने पाच लाख कशाला?

वडील पैसे देणार असतील तर ते उघड दाखवा. वडिलांचे पत्र, त्यांचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्राची पोच, पेन्शनर असतील तर पेन्शनचा कागद, आणि नाते दाखवणारा मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट. पैसे आधीच पाठवले असतील तर परदेशी पैसे पाठवताना भरलेला बँकेचा ए२ फॉर्म आणि स्विफ्टची (पैसे पोचवल्याच्या बँक संदेशाची) प्रत. म्हणजे मुलाच्या खात्यातली जमा आणि ठाण्याच्या खात्यातून वजा झालेली रक्कम, दोन्ही टोके जुळतात. एफडी दाखवायची तर पावती आणि बँकेचे पत्र दोन्ही द्या, मुदत प्रवासानंतरची असली तरी हरकत नाही. फक्त तिला रोकड म्हणू नका.

डब्लिनची मुले हा वेगळा विषय आहे आणि ऐरोली-नेरूळमधून त्यांच्या फाइली बऱ्याच येतात. मास्टर्स झाले, स्टॅम्प १जी (शिक्षणानंतर नोकरी शोधायला आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना) मिळाला, नोकरी शोधणे चालू आहे. लेव्हल ९ ची, म्हणजे मास्टर्सची पदवी असेल तर हा स्टॅम्प आधी बारा महिन्यांचा आणि पुढे आणखी बारा महिन्यांचा मिळतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे पॅरिसला जायचे तर व्हिसा लागतोच, आणि तो डब्लिनमधूनच मागायचा. एवढेच काय, बेलफास्टला जायलासुद्धा भारतीय पासपोर्टवाल्याला ब्रिटिश व्हिसा लागतो. वाटेत कुणी तपासत नाही म्हणून मुले बसमध्ये बसतात. पुढे ब्रिटनचा व्हिसा मागताना 'पूर्वी इथे आला होता का' हा प्रश्न आला की गोची होते.

या मुलांच्या फाइलमध्ये रकाना २१ ला 'पदवीधर, नोकरीच्या शोधात' लिहा. पण आधी नीट विचारा. कॅफेत आठवड्याला वीस तास करणारा मुलगा घरच्यांच्या लेखी बेकार असतो, फॉर्मच्या लेखी नसतो. त्याच्या पेस्लिप आहेत, त्या लावा, मालकाचे नाव २२ मध्ये लिहा. खरोखरच काही नसेल तर आयआरपी कार्ड, म्हणजे आयर्लंडचे रहिवास कार्ड (तारीख बघून), पदवीचे पत्र, खोलीचा करार, वडिलांचे कागद, आणि प्रवास लहान ठेवा. चार-पाच रात्री, एक देश. पहिल्याच व्हिसात बेकार मुलाला तीन आठवडे आणि सात देश दाखवणारी फाइल आपणच बिघडवतो.

अमेरिकेतल्या एच-४ वाल्या, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या बायकोच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलींच्या फाइलमध्ये एकच गोष्ट बघायची आणि नेमकी तीच कुणी बघत नाही. नवऱ्याचे आय-७९७ हे मंजुरीपत्र आणि तिची स्वतःची मुक्कामाची मुदत चालू असेल तर तिथे राहणे वैध आहे. परत आत यायला मात्र पासपोर्टवरचा व्हिसा, म्हणजे बोलीभाषेतला स्टॅम्प लागतो. तो संपलेला असेल तर कॅनडा-मेक्सिकोहून तीस दिवसांच्या आत परतायची सोय आहे, युरोपसाठी नाही. त्यातून सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितले आहे की व्हिसाचा अर्ज नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्याच देशात करावा, म्हणजे वाटेत कुठेतरी स्टॅम्पिंग करू हा जुना मार्गही आटला. स्टॅम्प संपलेला असताना पॅरिसची फाइल करून देणे म्हणजे त्या मुलीला थेट मुंबईच्या इंटरव्ह्यूच्या रांगेत उभे करणे. आणि नवऱ्याची नोकरी जाऊन साठ दिवसांची मुदत चालू असेल, तर अमेरिकेबाहेर पाऊल टाकताच ती मुदत संपते. हे तोंडी नको, लिहून द्या.

जर्मनी, फ्रान्स, हॉलंडमध्ये परवाना घेऊन राहणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा मागायचाच नसतो. १८० दिवसांत ९० दिवस ते असेच फिरू शकतात. त्यांच्याकडून फाइलचे पैसे घेतल्याचे ऐकू येते, यावर आणखी काय लिहायचे.

कव्हर लेटर एक पान. आपल्याकडे नेटवरचा साचा चालतो, त्यात 'नितांतसुंदर युरोपीय संस्कृती'वर अर्धे पान जाते. त्याऐवजी चार परिच्छेद: कुठे, कोणत्या तारखांना; मी कुठे राहतो आणि परवाना कधीपर्यंत आहे; सध्या नोकरी नाही, कधीपासून, आणि पैसा कुठून येतो; कधी आणि का परत जाणार. तिसरा परिच्छेद साधा असावा: "माझी नोकरी १४ मार्च रोजी संपली. अंतिम हिशेबाचे पत्र सोबत जोडले आहे. माझी रेसिडेन्सी पत्नीच्या स्पॉन्सरशिपवर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत वैध आहे. प्रवासाचा खर्च माझ्या बचतीतून होईल." एवढेच. अधिकाऱ्याला जो प्रश्न पडणार, त्याचे उत्तर त्याने शोधायच्या आधी समोर ठेवलेले असते.

तिकिटाबद्दल: व्हिसा संहिता परतीचे आरक्षण मागते, पैसे भरलेले तिकीटच हवे असे नाही. म्हणून रिफंडेबल किंवा होल्ड केलेले बुकिंग चालते. पण आपण 'डमी' काढतो आणि फाइल जमा झाली त्याच संध्याकाळी पीएनआर रद्द करतो. निर्णयाला पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. मधे कुणी तपासले तर बुकिंग मेलेले. हॉटेलही तसेच, पासपोर्ट हातात येईपर्यंत रद्द करू नका. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत सहसा नाही. आणि जिथे रात्री जास्त, त्याच देशाकडे. स्लॉट रिकामा दिसला म्हणून दुसऱ्या देशाच्या नावाने खोटा कार्यक्रम आखू नका.

खोट्या कागदाची किंमत कोण भरतो तेही बोलू. शेंगेन नकाराची नोंद व्हीआयएसमध्ये, म्हणजे त्या देशांच्या सामायिक व्हिसा नोंदणीत, पाच वर्षे राहते आणि सगळ्या शेंगेन देशांना दिसते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक ठरली तर दहा वर्षे दार बंद. अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागणे सिद्ध झाले तर बंदी आयुष्यभराची, आणि त्यांच्या डीएस-१६० या व्हिसा फॉर्ममधल्या व्यवसायाच्या यादीत 'नोकरी नाही' हा पर्याय तर तयारच असतो. यातले काहीही एजंटच्या नावावर लागत नाही, सही अर्जदाराची असते. आपल्यासाठी भारतीय न्याय संहितेची कलमे ३३६ आणि ३४० आहेत, बनावट दस्त करणे आणि तो खरा म्हणून वापरणे. तेही एकदा वाचून ठेवा.

नकार आलाच तर छापील फॉर्मवर कोणत्या कारणापुढे खूण आहे ते आधी बघा. पैसा अपुरा, हेतू पटला नाही, कागदांच्या खरेपणावर शंका, परत जाण्याबद्दल शंका: प्रत्येकाचा इलाज वेगळा. परतीची शंका असेल तर आणखी दोन लाख लावून काही होत नाही. अपिलाची रीत आणि मुदत त्याच कागदावर दिलेली असते. जर्मनीने मात्र १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा अर्ज बंद केला आहे. तिथे कोर्ट किंवा नवा अर्ज, एवढेच उरते. नव्या अर्जात जुना नकार लपवू नका, त्यांच्या पडद्यावर तो आधीच असतो.

आणि एक मागणी, जी आजपासून करता येईल. फाइल जमा करण्याआधी तिची पूर्ण स्कॅन केलेली प्रत, भरलेल्या फॉर्मसकट, अर्जदाराच्या स्वतःच्या मेलवर पाठवा. खुर्चीतल्या बाबांना नव्हे, शारजातल्या मुलीला. रकाना २१ मध्ये आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे कित्येक अर्जदारांना इंटरव्ह्यूच्या खिडकीवर पहिल्यांदा कळते. पुढच्या वेळी ती दुसऱ्या एजंटकडे गेली, तर त्यालाही आधीच्या फॉर्ममध्ये काय होते ते माहीत हवे, नाहीतर दोन अर्जांत दोन वेगळे व्यवसाय दिसतील.

कळावे, लोभ असावा.

ठाणे आणि नवी मुंबईतले,
तुमच्याच धंद्यातले काही फाइलवाले